टिमोथी गवत, आठ महिने वापरून: चुऱ्याचा हिशोब

परवा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून गवत मोजत बसले होते, तर आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सोनं मोजतीस का वैरण?" ८५० रुपये किलोनं घेतलेलं टिमोथी, म्हणजे गिनी पिगसाठी पाकिटात मिळणारं वाळलेलं गवत, मोजायचं नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा.

नोव्हेंबरात लेकीच्या हट्टापायी दोन गिनी पिग घरी आले. कंदी आणि पेढा. (साताऱ्यात राहून दुसरी नावं सुचणार तरी कोणती!) दोघं मिळून दिवसाला ८० ग्रॅम गवताचा फडशा पाडतात, त्यात खाल्लेलं किती आणि अंगाखाली घेतलेलं किती, त्यांनाच ठाऊक. किलोचं पाकीट बारा-तेरा दिवस पुरतं. म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या वर, तेही नुसत्या गवताचे. ढोबळी मिरची वेगळी. ती चुकवता येत नाही, कारण माणसासारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही.

गवताबद्दल आधी चांगलं सांगते. वास सुरेख, नवीन चहाचा डबा उघडल्यासारखा. पाकीट नुसतं कुरकुरलं की दोघं आतल्या खोलीतून शिट्ट्या मारतात. यांचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि दाढा झिजतात त्या अशी चिवट काडी तासन्‌तास चघळूनच. तेव्हा गवत लागणारच, त्यात माझी तक्रार नाही.

तक्रार चुऱ्याची आहे. पाकिटात वर लांब, हिरव्या काड्या आणि तळाशी गिरणीतल्या कोंड्यासारखी भुकटी. पहिल्या पाकिटात १४० ग्रॅम निघाली, दुसऱ्यात १६५. वहीत मांडून ठेवलंय. १६५ ग्रॅम म्हणजे सरळ १४० रुपये. वर ती धूळ नाकात जाऊन कंदी शिंकत बसते ते निराळंच. कंपनीला फोन केला, तर "मॅडम, नैसर्गिक उत्पादन आहे." अहो, तांदूळही नैसर्गिकच असतो, म्हणून दुकानदार कणी तांदळाच्या भावानं देतो का?

फेब्रुवारीत डोकं फिरलं आणि टिमोथी बंद केलं. आपल्याकडे लसूणघास, म्हणजे काही जण मेथीघास म्हणतात तो, बारमाही मिळतो. वीस रुपयांची पेंढी आणून गच्चीवर वाळवली. दुपारी उन्हात उलथवायला गेले, तर पानं झडझड गळाली आणि हातात नुसत्या काटक्या राहिल्या. आत्याबाई जिन्यातूनच ओरडल्या, "दुपारचा कुठं घास उलथत्यात व्हय? सकाळी दवात उलथायचा!" गोळा करून मोजलं. किलोभर वाळल्या घासात ३०० ग्रॅम चुरा, आणि तो मी स्वतःच्या हातानं केलेला. त्या दिवशी कंपनीबद्दलचं माझं मत जरा मवाळ झालं, हे कबूल करते. जरा.

दोघांनी मात्र घास असा खाल्ला की टिमोथी विसरले. मी खूश. महिन्याला दीडएक हजार वाचत होते.

एप्रिलमध्ये आत्याबाईंच्या माहेराहून, माण तालुक्यातून, गंजीतलं डोंगरी गवत आलं. फुकट! फुकटच्या आनंदात मी ते न निवडता तसंच घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढा कोपऱ्यात फुगून बसलेला, हनुवटी लाळेनं ओली, मिरचीकडेही बघेना. गिनी पिगनं खाणं सोडलं तर दिवसभर वाट बघत बसायचं नसतं, आतडं थंडावतं. तशीच रिक्षा केली. डॉक्टर एरवी गाई-म्हशी बघणारे. त्यांनी बॅटरीच्या उजेडात ओठ उलटा केला, चिमट्यानं दीड इंचाचं कुसळ (गवताचं काट्यासारखं टोकदार बी) ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट, शेपटीला पीळ पडलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून म्हणाले, बघा. कुसळ हळूहळू आपोआप फिरायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो आणि टोक आत घुसत जातं. ओल्या तोंडात त्यानं काय केलं असेल!

तेवढ्यात डॉक्टरांची नजर टोपलीतल्या फडक्यावर गेली. मुताचे डाग वाळून चुन्यासारखे पांढरे झालेले. "घास घालताय का?" घासात कॅल्शियम टिमोथीच्या तिपटीच्या आसपास असतं. पिल्लांना आणि गाभण मादीला ते चालतं. वाढ पूर्ण झालेल्या जनावराला रोज घातलं तर जादाचं कॅल्शियम मुतावाटे पडतं आणि पुढं मूतखडा व्हायची भीती. वाचलेले दीड हजार, रिक्षा आणि औषधं, असा हिशोब वहीत मांडला नाही. काही पानं कोरी राहिलेली बरी.

मुकाट्यानं टिमोथीवर परत आले. चाळणीतून चाळून घालते, शिंका थांबल्या. चुरा कढीपत्त्याच्या कुंडीत. पाकिटाचं तोंड बांधून ठेवलं तर आत घाम धरतो, म्हणून आल्या आल्या सगळं जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात भरते आणि खिळ्याला टांगते.

मग आला जुलै. साताऱ्यातला जुलै, म्हणजे बाहेर टाकलेला टॉवेल चौथ्या दिवशीही ओलाच. तेव्हा आलेलं पाकीट फोडलं तर भिजल्या गोणपाटाचा वास आणि मधोमध करड्या बुरशीची गाठ. कणभरही घातलं नाही. मात्र पंख्याखाली दोन दिवस पसरून वजन केलं. किलोचं ८८० ग्रॅम भरलं. १२० ग्रॅम पाणी मी गवताच्या भावानं विकत घेतलं होतं! काट्यासकट फोटो पाठवले. आठवडाभर त्यांचं आमचं चाललं आणि शेवटी पैसे परत नाहीतच, पुढच्या खरेदीवर १०० रुपयांचं कूपन आलं.

आत्याबाईंनी भावाला निरोप धाडलाय. बांधावरचं मारवेल गवत यंदा फुलोऱ्यावर येताना, बी धरायच्या आत कापायचं आणि डोंगरातल्या कुसळीची, म्हणजे त्या कुसळवाल्या गवताची, एक काडी त्यात मिसळू द्यायची नाही. तिकडं पाऊस बेताचा, सावलीत चांगलं वाळेल म्हणतात. आलं की आधी मी काडी न काडी निवडणार, मग थोडं थोडं टिमोथीत मिसळून घालणार.

तोवर तीन तारे. एक वासाचा, एक पाकीट वाजलं की येणाऱ्या शिट्ट्यांचा, आणि तिसरा माझ्या गच्चीवरच्या त्या ३०० ग्रॅममुळे. कूपनची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत आहे. वापरणार.