मॅडमनी काट्यावर चढूच दिलं नाही
नाशिकच्या या डाएट क्लिनिकला 4 स्टार. आईच्या कटकटीला कंटाळून इथं गेलो होतो. वय 26, वजन 104, सातपूरला कंपनीत सेकंड शिफ्ट, रात्री साडेबाराला रूमवर आलो की पार्सल उघडायचं आणि मोबाईल बघत तीनपर्यंत जागायचं. याआधी एका जिमचं वर्षाचं पॅकेज भरलेलं, तिथला ट्रेनर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "भाऊ, मशीन तुटंल" म्हणाला, मी पण हसलो आणि चौथ्या दिवसापासून गेलोच नाही.

इथं गंगापूर रोडला आत शिरल्या शिरल्या बूट काढायला लागलो तर डाएटिशियन मॅडम म्हणाल्या, बसा हो आधी, काटा काय पळून जात नाही. मग झोप किती, मित्रांना शेवटचं कधी भेटलात, असलंच सगळं. नंतर 9 प्रश्नांचा एक फॉर्म दिला, पीएचक्यू-9, डिप्रेशन आहे का ते बघायचा, मागच्या दोन आठवड्यांत मन कसं होतं त्याचा. 27 पैकी 14 आले. 10 किंवा जास्त आले की डॉक्टरला दाखवायचं म्हणे, औषध देणं माझं काम नाही असं सरळ सांगून सायकॅट्रिस्टकडे चिठ्ठी दिली. मी हादरलो, म्हटलं मी काय वेडा आहे का!

पण त्यांनी नीट समजावलं. 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब झालाय, लठ्ठ माणसाला पुढे डिप्रेशन यायचा धोका 55 टक्के जास्त आणि डिप्रेशनवाल्याला लठ्ठ व्हायचा 58 टक्के, म्हणजे गाडी दोन्हीकडून येते. झोप उडाली की गोड-तळलेलं खावंसं वाटतं, वजन वाढलं की लोक चिडवतात, मग माणूस घरातच बसतो. हे ऐकताना मला तो ट्रेनरच दिसत होता. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण वजन वाढतं, तेव्हा सायकॅट्रिस्टला आधीच सांगा, पण मनाने गोळी बंद करू नका, हे पण सांगितलं.

डाएट साधंच, नागलीची भाकरी, उसळ, शिफ्टच्या आधी गोल्फ क्लब मैदानावर 20 मिनिटं चालणं. रविवारची मिसळ चालू, फक्त पाव एकच (हे सगळ्यात अवघड गेलं राव). चार महिन्यांत 104 चे 99. फार नाही, पण आता रात्री एक वाजता झोपतो आणि परवा दोन मित्रांबरोबर पांडवलेणी चढलो, अर्ध्यात दोनदा बसलो ते सोडा.

एक स्टार कापला तो रिसेप्शनवरच्या ताईंसाठी, वजन अख्ख्या वेटिंगला ऐकू जाईल असं ओरडून सांगतात. मॅडमना बोललोय, बघू.