टॅनिंग सलून: नवी फ्रँचायझी घ्यावी की चालतं दुकान?

न्यू जर्सीतला माझा एक मित्र सध्या दोन फायली घेऊन फिरतोय. एकीत टॅनिंग सलूनच्या, म्हणजे अतिनील दिव्यांच्या बेडवर झोपून त्वचा गडद करून घ्यायच्या दुकानाच्या, नव्या फ्रँचायझीचा प्रस्ताव, दुसरीत एक चालतं, बिनब्रँडचं सलून; मालक निवृत्त होतोय. माणसं रंग गडद करून घ्यायला पैसे मोजतात, हे त्याच्या आईच्या अजून गळी उतरलेलं नाही. आयुष्यभर उन्हातून आल्यावर बेसन-हळद लावलेली बाई ती!

फ्रँचायझीत नाव, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण, लोशनचा पुरवठा सगळं तयार मिळतं. शिवाय अमेरिकेतल्या नियमानुसार एफडीडी नावाचा, फ्रँचायझीची सगळी माहिती उघड करणारा २३ कलमांचा दस्तऐवज सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी हातात द्यावाच लागतो. लोक सातवं कलम, म्हणजे सुरुवातीचा खर्च, वाचतात आणि थांबतात. मी आधी विसावं उघडेन: गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, किती हस्तांतरित झाली. सोडून गेलेल्या मालकांचे संपर्कही तिथेच असतात. त्यांना फोन करा. एकोणिसाव्या कलमात कमाईचे आकडे देणं कंपनीवर बंधनकारक नाही. ते कोरं असेल तर मी तरी तिथेच सावध होईन.

खरा काटा रॉयल्टीचा, म्हणजे कंपनीला सतत द्यायच्या हिश्श्याचा. ती बहुतेक करारांत नफ्यावर नसते, विक्रीवर असते. समजा रॉयल्टी आणि जाहिरात निधी मिळून ८ टक्के. फेब्रुवारीत ३०,००० डॉलरची विक्री झाली तर २,४०० गेले, ते जाणवतही नाहीत. ऑगस्टमध्ये विक्री १२,००० वर आली, भाडं-पगार-वीज भागवताना तोटा झाला, तरी ९६० डॉलर द्यायचेच. आणि हा धंदा हंगामी आहे: जानेवारी ते मे गर्दी, मग ऊन फुकट मिळतं.

चालत्या दुकानात रॉयल्टी नाही, पण जुनं लोढणं येऊ शकतं. बेडवर वापराच्या तासांचा मीटर असतो, तो स्वतः वाचा. दिवे वापरानुसार मंदावत जातात आणि एका बेडमध्ये ते डझनांनी असतात. सगळे एकदम बदलायची वेळ आली की स्वस्तातला सौदा महाग पडतो. झोपायची अ‍ॅक्रिलिकची काच बोटांनी चाचपून पाहा, बारीक तडे लगेच कळतात. मग दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणारे सभासद किती ते विचारा. विकत घ्यायची खरी वस्तू तीच, बाकी फर्निचर. तीन वर्षांची करपत्रं मागा आणि फॉर्म ७२० या करविवरणाच्या तिमाही प्रतीही: अतिनील टॅनिंगवर १ जुलै २०१० पासून १० टक्के केंद्रीय कर आहे. त्याची थकबाकी तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून वकील आधीच गाठा.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच, आणि त्या गोड नाहीत. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅनिंग बेडना तंबाखूच्याच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत टाकलं. न्यू जर्सीत १७ वर्षांखालच्यांना बेड वापरता येत नाही. शिवाय शेजारची जिम: टॅनिंग हा केवळ जोड-फायदा असेल आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जात नसतील, तर व्यायामशाळेला तो १० टक्के करही लागत नाही. प्लॅनेट फिटनेस ही जिमची साखळी अनेक शाखांत वरच्या दर्जाच्या सभासदत्वात बेड देते. त्यांच्याशी भावात भिडणं अवघड.

म्हणून मी मित्राला तिसरी फाईल सुचवली: फक्त स्प्रे टॅनचा, म्हणजे अंगावर रंग फवारून देणारा, छोटा स्टुडिओ. त्यातलं डीएचए हे द्रव्य त्वचेच्या वरच्या थराला रंग देतं. अतिनील किरण नाहीत, त्यामुळे तो करही नाही. फवारा डोळ्यांत, ओठांवर, नाकात जाऊ नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. भांडवल कमी, पण सारा खेळ हाताच्या कसबाचा; फवारणारी चांगली मुलगी सोडून गेली की गिऱ्हाईकही तिच्या मागोमाग जातं.

तिन्हींत माझा कौल चालत्या दुकानाला, मीटर आणि सभासद पटले तर, आणि एका खोलीत स्प्रे सुरू करून. नव्या फ्रँचायझीला शेवटचा नंबर: भाडेपट्ट्याला वैयक्तिक हमी मागतातच, त्यावर अनेक वर्षांच्या रॉयल्टीचं ओझं कशाला? मित्र म्हणतो, फेब्रुवारीत दुकान बघायला गेलो तेव्हा रांग होती. मी म्हटलं, ऑगस्टमधल्या मंगळवारी दुपारी परत जा.