‘काळी मेंदी’ आणि पाकिटामागे ७० रुपये

मी ब्लाउज शिवते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, घराच्याच पुढच्या खोलीत, २६ वर्षं झाली. अस्तराचं कापड कात्रीला लावण्याआधी मी ते पाण्यात बुडवते. रंग जातो का, कापड आटतं का, हे बघायला. गिऱ्हाईक कितीही म्हणालं, “पक्का आहे हो रंग,” तरी बुडवतेच. आणि अशा बाईला एका माणसानं दहा मिनिटांत टोपी घातली. त्यानं विकलेल्या ‘काळी मेंदी’च्या पाकिटातली चिमूटभर पावडरसुद्धा मी आधी भिजवून बघितली नाही.

केसांसाठी मी कधी पार्लरची पायरी चढले नाही. केस घरीच कापते. त्याची कात्री वेगळी, कापडाच्या कात्रीला मी कागदही लावू देत नाही. ओले केस वाळले की वर चढतात, म्हणून शिवणीला सोडतो तशी अर्धा इंच माया सोडून कापायचे, एवढं शास्त्र मला पुरतं. रंगाला मात्र मी आयुष्यभर कंटाळले. आई लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची, थोडा कात घालायची, रात्रभर ठेवायची. तिचे केस तपकिरी व्हायचे, कारण पांढरे थोडे आणि काळे जास्त. माझं उलट. पन्नाशीला कपाळापासून कानापर्यंत सगळा पांढरा पट्टा, आणि त्यावर मेंदी लावली की तो भगवा. उन्हात गेलं की डोकं पेटल्यासारखं दिसायचं. लग्नात एका वहिनींनी हसत विचारलं, “काय गं, डोक्यावर झेंडू?” सगळे हसले, मीही हसले. पुढचं सगळं त्या हसण्यानंतरचं आहे.

श्रावणात आमच्याकडे एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचा सेल लागला होता. साड्या, पापड, लोणची, कुर्ते आणि कोपऱ्यात ‘काळी मेंदी’चा स्टॉल. तिशीतला पोरगा, बोलायला अगदी गोड, दर वाक्याला “ताई”. समोर पांढऱ्या केसांचा एक झुपका टांगलेला. त्यानं वाटीत पावडर कालवली, झुपक्याला लावली, “दहा मिनिटं थांबा ताई, चहा घेऊन या,” म्हणाला. आम्ही परत आलो तर झुपका काळाभोर. पाकिटावर मेंदी, आवळा, शिकेकाई, माका आणि जास्वंदीचं चित्र. ठळक अक्षरांत ‘१०० टक्के हर्बल’, ‘अमोनिया नाही’, ‘केमिकल नाही’. एमआरपी ४९९ चा स्टिकर, आम्हाला २५० ला.

आता आठवलं की स्वतःचाच राग येतो अशी एक गोष्ट त्या वेळी डोळ्यांसमोर होती. त्याची नखं. मेंदी कालवणाऱ्या बाईची नखं केशरी असतात, लग्नघरात आपण सगळ्यांनी बघितलीत. याची नखं कोळशाच्या वखारीत काम करणाऱ्यासारखी काळी होती. शंभर टक्के मेंदी, आणि नख काळं?

मी दोन पाकिटं घेतली. गौरीच्या आधी एक लावलं. केस खरंच काळे झाले, मऊही लागले. पंधरा दिवसांनी मुळाशी पांढरं दिसायला लागलं, पण ते कुठल्याही रंगाचं होतंच. दसऱ्याआधी दुसरं लावलं. त्या वेळी कानामागं दोन दिवस खाज होती. मी ते उकाड्यावर ढकललं.

दसऱ्यानंतर त्याचा फोन आला. “ताई, तुमच्याकडे एवढ्या बायका येतात, तुम्ही दहा पाकिटं ठेवा. तुम्हाला १८० ला, तुम्ही २५० ला द्या.” मी १,८०० रुपये पाठवले, तेही त्याच्या स्वतःच्या नावाच्या यूपीआयवर. बिल मागितलं तेव्हा म्हणाला, “माल पोचला की व्हॉट्सॲपवर टाकतो.” ते आजतागायत आलेलं नाही. माल मात्र चार दिवसांत आला. आणि ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायकांना मी माझंच डोकं दाखवून सात पाकिटं विकली. “मी दोनदा लावलंय, मला काही झालं नाही.” पाकिटामागे ७० रुपये, एकूण ४९०. खोटं कशाला बोलू, ते ४९० मला गोड लागले होते.

मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न. गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा लावलं. त्या रात्री काही नाही. शुक्रवारी दुपारी कपाळाच्या कडेला आग व्हायला लागली. शनिवारी सकाळी उठले तर डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या, कानाच्या पाळ्या लाल, मानेवर पुरळ, आणि डोक्याच्या कातडीतून पाणी येऊन उशीला चिकटलेलं. आमचे हे घाबरून म्हणाले, “काही चावलंय का?” मलाही तसंच वाटलं, कारण रंग लावून दीड दिवस उलटून गेला होता. रंगाचं असतं तर लगेच झालं नसतं का?

त्या पोराला फोन केला. त्यानं उचललाही. “ताई, ही शरीरातली उष्णता बाहेर पडतेय. चांगली खूण आहे. खोबरेल तेल लावा आणि दोन दिवसांनी परत एकदा मेंदी लावा.” परत एकदा! ते ऐकलं असतं तर आज हे लिहायला मी कुठल्या हॉस्पिटलात असते देव जाणे. संध्याकाळी पुन्हा लावला तर फोन बंद. लग्न मी घरातूनच ऐकलं, बँड आमच्या गल्लीवरून गेला तेवढं.

मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, “काळी मेंदी?” पाकीट सोबत नेलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि मला समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

मेंदीच्या पानात जो रंग असतो तो केशरी-तांबूस. पांढऱ्या केसावर तो केशरीच दिसणार. लोखंडी कढई, चहा, कात यांनी तो फार तर गडद तपकिरी होईल. झाडपाल्यानं काळं करायचं तर आधी मेंदी लावून धुवायची आणि मग नीळीच्या पानांची पावडर लावायची. ती भिजवली की लगेच वापरावी लागते, तासभर तरी डोक्यावर ठेवावी लागते, आणि रंग पुरता गडद व्हायला पुढचा एक-दोन दिवस जातो. म्हणजे अर्धा दिवस मोडतो. एका पाकिटातली ‘मेंदी’ दहा मिनिटांत काळंभोर करत असेल, तर काळं करणारी वस्तू मेंदी नसते. बहुतेक वेळा ते पॅरा-फिनिलीनडायमीन असतं, थोडक्यात पीपीडी. कापडवाल्यांना सांगायला नको, पक्का रंग दहा मिनिटांत चढतो तो कशानं ते.

‘अमोनिया नाही’ हे खरंही असेल. पण अमोनियाचं काम केसाचा वरचा थर उघडायचं. रंग आणतं ते पीपीडी. म्हणजे पाकीट खरं बोलून फसवत होतं.

आणि दोनदा काही झालं नाही, तिसऱ्यांदा का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही ॲलर्जी अशीच येते. सुरुवातीला शरीर त्या वस्तूची ओळख करून घेतं, ओळख पक्की झाली की पुढच्या वेळी उसळतं. आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून ‘मला काही झालं नाही’ या बोलण्याला काडीचा अर्थ नाही. हेच वाक्य मी सात जणींना ऐकवलं होतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या, खाजेच्या गोळ्या, थंड पाण्याच्या घड्या. डोक्याची कातडी वाळावी म्हणून केस मी आरशासमोर बसून खांद्यावरून थेट कानापर्यंत कापले. या वेळी माया सोडली नाही. गोळ्या बंद झाल्यावर दीड महिन्यानं त्यांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावून तपासणी केली. ४८ तास पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. पीपीडीच्या ठिकाणी लाल, फुगलेला गोल उठला. पावडरीचा प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याकडे नाही, हेही सांगते. पण माझ्या अंगाचा अहवाल पाठीवर होता.

ही ॲलर्जी आता जन्मभराची. बाजारातले बहुतेक काळे डाय आता मला बंद. दाताच्या डॉक्टरला सांगायचं की बेंझोकेन नावाचं भूल देणारं औषध नको, कारण ते याच नात्यातलं. आणि सगळ्यात वाईट, गडद काळ्या-निळ्या सिंथेटिक कापडांतले काही रंगही त्रास देऊ शकतात. माझं तर कामच अस्तराचं. काळं अस्तर आलं की आता मी आधी धुते आणि सुती हातमोजे घालून शिवते. कॉलरच्या कोपऱ्यावर हातमोज्यानं टाका नीट बसत नाही, पण इलाज नाही.

पीपीडी कायद्यानं बंद नाही, हे मला त्याच वेळी कळलं. पण केसांच्या डायच्या पाकिटावर ठरावीक इशारा छापावाच लागतो, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत: यानं काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. चाचणी कशी करायची तेही आत द्यावं लागतं. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबायचं. डॉक्टर म्हणतात ४८ तास थांबलेलं बरं, आणि चाचणी दर वेळी करायची, एकदा केली म्हणजे झालं असं नाही. शिवाय उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, आणि आत काय काय आहे त्याची यादी. माझ्या पाकिटावर यादीच्या जागी जास्वंदीचं फूल होतं. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. पत्ता दिल्लीचा, त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आलं.

घरी उरलेल्या पावडरीचं मी शेवटी ते केलं जे श्रावणात करायला हवं होतं. हातमोजे घालून तीन वाट्यांत तीन पावडरी भिजवल्या: राजस्थानातल्या सोजतची साधी मेंदी, नीळीची पावडर आणि ही. प्रत्येकीत मांजरपाटाची चिंधी टाकली. मेंदीची चिंधी केशरी झाली. नीळीची आधी हिरवट, वाळता वाळता निळसर. आणि हिची जांभळट काळी, तीही मी चहाचा कप धुऊन येईपर्यंत. वासही मेंदीच्या ओल्या पाल्याचा नव्हता, अत्तराखाली काहीतरी झोंबणारं. याला कोणी शास्त्रीय पुरावा म्हणू नये. पण २५ पैशांच्या चिंधीनं जे कळलं ते कळायला मला औषधपाण्याचे साडेसहा हजार लागले.

मधेच एक उपकथा. ‘कंपनीतून’ एकाचा फोन आला, “रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो पैसे द्यायला लागतो. हे मला माहीत होतं म्हणून वाचले. त्याला माझा नंबर आणि रक्कम कुणी सांगितली असेल, हे काय सांगायला हवं.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिली, एक बंद पाकीटही दिलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंदवली. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: बिल आहे का? माझ्याकडे यूपीआयचा व्यवहार आणि कुरिअरची पावती, एवढंच. सेलवाल्यांनी हात वर केले, “आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो.”

आणि मग त्या सात जणी. हे मला सगळ्यात जड गेलं. कापलेलं डोकं आणि सुजेचे डाग घेऊन मी एकेकीच्या घरी गेले. एका मावशींना दोनदा लावल्यावर कानामागं खाज सुटली होती, त्या सांगायला संकोचत होत्या, “तुम्ही दिलेलं म्हणून बोलले नाही.” त्यांना डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. बाकीच्यांनी पैसे घेतले, एकीनं चहासुद्धा विचारला नाही. ते बरोबरच होतं तिचं.

सातव्या ताई मात्र पैसे घेईनात. मी सगळं सांगितलं: पीपीडी, तिसरी वेळ, पाठीवरचा गोल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग आरशात बघून केसांवरून हात फिरवला. मुळाशी बोटभर पांढरं आलं होतं.

“तुला सोसलं नसेल गं,” त्या म्हणाल्या, “मला तर काही झालं नाही. तुझ्याकडे एखादं पाकीट उरलंय का?”

उरलंय. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्यामागं, सील न फोडलेलं. मी नाही म्हणाले. त्या अजून दर आठवड्याला विचारतात.