काळं पाकीट, लाल पाटी: आठ महिन्यांचा अनुभव

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. गेल्या नोव्हेंबरात पाटी, पाकिटं, लेबलं आणि इन्स्टाग्राम, सगळ्याचं डिझाइन एका झटक्यात नवं करून घेतलं. नुसत्या डिझाइनचे ४० हजार गेले, पाटीचे वेगळे. पैसे वसूल झाले का, असं बऱ्याच जणी विचारतात. एप्रिल-मेचा मिरचीचा हंगाम आणि निम्मा पावसाळा काढून आता लिहायला बसले.

आधी पाटी. पहिल्या नमुन्यात दुकानाचं नाव इंग्रजीत फूटभर आणि खाली मराठीत मुंगीएवढं. २०२२ च्या कायदा दुरुस्तीपासून दुकानाचं नाव देवनागरीत हवं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबरअखेर पालिकेची माणसं पाट्या बघत फिरायला लागली. एवढं होऊनही डिझायनरला याचा पत्ता नाही! वर म्हणतो, "इंग्लिशने प्रीमियम वाटतं, मॅडम." म्हटलं, वाटू दे, दंड तू भरणार का? शेवटी मुंबईतल्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'बालू' फॉन्ट घेतला. जाड, गोलसर आणि फुकट. रस्त्यापलीकडून नाव वाचता येतं, पाटीकडून मला आणखी काही नको.

पण पहिले पंधरा दिवस जुनी गिऱ्हाइकं दारातच थबकायची. "दुकान विकलंत का हो?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेंटरने हाताने रंगवलेली जुनी पाटी अण्णांनी भंगारात जाऊ दिली नव्हती. ती गल्ल्यामागे टांगली आणि विचारणा थांबली.

इन्स्टाग्रामच्या पहिल्याच पोस्टवर 'मिरची'ची 'मरिची' झाली. डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नव्हती, म्हणून वेलांटी सुटून पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे दिसलीच नाही. तीन तास ती पोस्ट तशीच होती. ज्यांना 'मिरची' लिहिता येत नाही त्यांचा मसाला कोण घेणार? आता प्रत्येक मजकूर मी स्वतः वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

लेबलाचा लाल रंग मोबाइलवर झकास होता, छापून आला तो विटकरी. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, छापखान्यातला चार शाईंचा, दोन्ही जुळतीलच असं नाही. दुसऱ्या धंद्यात हे खपून गेलं असतं. आमच्याकडे विटकरी म्हणजे गेल्या वर्षीची मिरची. हजार लेबलं पडून आहेत. छपाईआधी कागदावर नमुना मागा, एवढंच सांगते.

आता पाकीट, खरी गंमत तिथे आहे. काळं, मॅट, सोनेरी अक्षरांचं. हातात घेतलं की भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यावरची तारीख, वजन आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा १४ आकडी नंबर करड्या बारीक अक्षरांत. आज्जीबाई पाकीट हात लांब करून धरतात आणि शेवटी मलाच वाचायला देतात. शाकाहाराचं हिरवं चिन्ह तर काळ्यात गडपच झालं होतं, ते पांढऱ्या चौकोनावर घ्यायला लावलं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आतलं दिसत नाही. लालबागला मसाला घ्यायला येणारी बाई आधी रंग बघते, मग चिमूट तळहातावर घेऊन वास घेते. बेडगीचा रंग आणि लवंगीचा ठसका तिला पाकिटावर वाचायचा नसतो. मार्चमध्ये काउंटरवर काळी पाकिटं मांडली, तर बायका नुसत्या बघून शेजारच्या उघड्या परातीकडे वळायच्या. "हे महागातलं दिसतंय," असं एकीने किंमत न विचारताच सांगून टाकलं. मेपर्यंत काउंटरवर पुन्हा पारदर्शक पिशवी आणि वर साधं स्टिकर आलं. विक्री पूर्ववत.

तीच काळी पाकिटं ऑनलाइन आणि प्रदर्शनात मात्र हातोहात जातात. तिथल्या गिऱ्हाइकाला वास येत नाही, त्याला पाकीटच बघावं लागतं. रिकामं पाकीट मला १४ रुपयांना पडतं, म्हणून पाव किलोमागे २० रुपये जास्त लावते.

परवा पवईहून एक ताई आल्या. फोटो दाखवून म्हणाल्या, "हा काळ्यातला द्या, तो चांगलावाला." म्हटलं, ताई, पिशवीतला आणि हा एकाच डब्यातला आहे, २० रुपये वाचतील. त्यांनी दोन्हींचा वास घेतला, काळ्याचा दोनदा. "नाही हो, फरक आहे," म्हणाल्या आणि काळी दोन घेऊन गेल्या. अण्णा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. मी सुट्टे मोजत राहिले.