व्हेंटिलेटर ठेवायचा की घरी न्यायचं?

'बंद करा म्हटलं तर आपण जीव घेतल्यासारखं होईल का?' मिरजेतल्या आयसीयूबाहेरच्या बाकावर हा प्रश्न मनात घेऊन बसलेली ख्रिस्ती कुटुंबं मी पाहिलीत. आईच्या वेळी मीही तिथेच बसले होते.

न्यूमोनिया, सर्पदंश, अपघात, ऑपरेशननंतर अडकलेला श्वास अशा वेळी फार विचार करू नका, व्हेंटिलेटर लावा. तो शरीराला सावरायला वेळ देतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केला. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मंडळींना उपचार म्हणजे अविश्वास वाटायचं कारणच नाही.

आईचं तसं नव्हतं. कॅन्सर यकृतात पसरला होता. नळी ओढू नये म्हणून तिचे हात बँडेजने खाटेला बांधलेले. भेट दहा मिनिटांची. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, पण तोंडात नळी. तिने फक्त डोळे मिटले. तेव्हा मला कळलं की हे मशीन तिला बरं करत नाहीये, तिचं मरण लांबवतंय.

कॅथलिक चर्चने हा फरक स्पष्ट मांडलाय. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना सांगितलं की असाधारण, म्हणजे रुग्णाला किंवा घरच्यांना फार जड जाणारे, उपचार चालू ठेवायचं बंधन नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या निवेदनात तर घरच्यांवर अवाजवी खर्चाचा बोजा नको, हा विचारही रास्त मानलाय. सोनं गहाण टाकणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. पैशाचा विचार आला म्हणून आपण पापी होत नाही. आम्ही प्रोटेस्टंट, तरी आमच्या पाळकसाहेबांचं मत हेच पडलं. दादा मात्र चमत्काराची वाट बघू म्हणत होता. पाळकसाहेब त्याला म्हणाले, "देवाला चमत्कार करायचा असेल तर त्याला मशीन लागत नाही."

पण नुसती सही करून घरी आणणं आणि वेदना शमवायची सोय करून घरी आणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात माणूस तळमळतो. आम्हाला दुसऱ्याबद्दल दवाखान्यात कोणी सांगितलंच नाही, आपणहून विचारावं लागलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला: मॉर्फिनच्या गोळ्या, जखमेची काळजी, धाप लागली तर काय करायचं याची माहिती.

घरी आल्यावर आई गोळी घेईना. प्रभूने क्रूसावर खिळण्याआधी वेदना बधिर करणारा, बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग मी का घेऊ, म्हणायची. पाळकसाहेबांनी तिचा हात धरून समजावलं: ते दुःख त्याचं एकट्याचं काम होतं, ते पुरं झालं, आजाऱ्यांच्या वेदना मात्र तो भेटेल तिथे दूर करत गेला. मग घेतली. नऊ दिवस ती आमच्यात होती. नातवंडं उशाशी गाणी म्हणायची, मी ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवायचे.

बरं होण्याची शक्यता धूसर असेल तर मधला मार्ग आहे. डॉक्टरांशी बोलून तीन-चार दिवसांची मुदत ठरवा आणि विचारा, 'तोवर काय सुधारलेलं दिसायला हवं?' मुदत संपली की पुन्हा बसा.

मरणाचं इंजेक्शन हा पर्याय नाही. कायद्यातही नाही, आपल्या विश्वासातही नाही. निष्फळ उपचार थांबवायला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. शुद्धीत असताना कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) करून ठेवता येतं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पुढे दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं तपासून निर्णय देतात. आईने असा कागद केला नव्हता, म्हणून दादा आणि मी दोन रात्री भांडलो. कागद कराल तेव्हा एक प्रत पाळकांकडे द्या आणि मुलांना स्वतः वाचून दाखवा.