मागच्या चाकातली ठकठक: कपलिंग रबर, बेअरिंग आणि चेन सेट बदलल्यानंतरचे काही महिने

मोटरसायकलच्या मागच्या बाजूने येणारी ठकठक घालवण्यासाठी मी कपलिंग रबर, कपलिंगचं बेअरिंग आणि ओ-रिंगवाला पूर्ण चेन सेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (दात्यांची चक्रं), एकदमच बदलला. कपलिंग म्हणजे मागचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो भाग. तो चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये बसतो, आणि दोघांच्या मधले झटका गिळणारे रबर ते कपलिंग रबर. त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात गाडीने ऊन पाहिलं, भर पाऊस पाहिला, खड्ड्यांचे रस्ते पाहिले, मागे माणूस आणि सामान घेऊन लांबचे प्रवासही झाले. आवाज परत आलेला नाही. मुद्दाम थांबून आत्ता लिहिते आहे, कारण नवीन पार्ट घातल्यावर सुरुवातीला कुठलीही गाडी गपगार चालते.

गाडी दीडशे सीसी वर्गातली. चेन ४२८ मापाची, ११२ लिंकची. पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं, मागचं ४२ दात्यांचं. हे आकडे आधी देते, कारण सगळं निदान त्यांच्यावरच झालं.

आवाज दोन तऱ्हेचा होता. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागून एकच जड ‘ठक्’ यायचा आणि पायाखाली जाणवायचा. शिवाय कमी वेगात, एकसारखी चालवताना, थोड्या थोड्या वेळाने हलकीशी ‘टक्’ यायची. दोन्ही मिसळून ऐकले की एकच बिघाड वाटतो, आणि ऐकणारा प्रत्येक जण वेगळं नाव घेतो: चेन ढिली आहे, गिअरबॉक्स गेला, इंजिनचं काम निघालं. आवाज जड आहे की टणटणीत यावरून जागा ठरवणं मला पटत नाही. मागच्या हबमध्ये पडलेला ठोका स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) आणि चेसिसमधून फिरून फूटरेस्टपाशी ऐकू येतो, आणि माणूस इंजिनकडे बघत बसतो. तो ठोका किती अंतराने पडतो, हे मात्र लपत नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर आहे. मागचं स्प्रॉकेट, हब, चाकाची बेअरिंग, ब्रेक, टायर हे सगळं चाकाबरोबर फिरतं, म्हणून त्यातल्या दोषाचा ठोका दर १.९ मीटरला एकदा पडणार. पुढचं स्प्रॉकेट चाकाच्या एका फेरीत तीनदा फिरतं, कारण ४२ भागिले १४ म्हणजे ३. त्याचा ठोका साधारण ६३ सेंटिमीटरला एक. चेनचं गणित उलटं आहे. ११२ भागिले ४२, म्हणजे चाकाच्या सुमारे २.६७ फेऱ्या झाल्या की चेनची एक फेरी पूर्ण होते. एखादी लिंक खराब असेल तर तिचा ठोका जवळजवळ पाच मीटरला एकदा ऐकू येईल. ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे चालण्याच्या वेगाने गाडी ढकलली तर पुढच्या स्प्रॉकेटचे ठोके सेकंदाला दोन, चाकाचा साधारण दीड सेकंदाला एक आणि चेनचा साडेतीन-पावणेचार सेकंदांनी एक. हा फरक कानाला सहज कळतो, घड्याळ लागत नाही.

हेच ऐकायला चाचणी अशी केली: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. टायरवर खडूची रेघ आणि चेनच्या एका लिंकवर रंगाचा ठिपका. एकाने सावकाश ढकलायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून चालायचं. न्यूट्रलमध्येही चाकाबरोबर चेन आणि पुढचं स्प्रॉकेट फिरतंच, त्यामुळे चाचणीत काही सुटत नाही. इंजिन बंद असूनही ‘टक्’ येत होती, तिथेच इंजिनची चिंता संपली. खडूच्या रेघेशी तिचा मेळ बसत नव्हता. रंगाच्या ठिपक्याशी मात्र दर फेरीला बसत होता. ठिपक्याच्या आसपासच्या लिंक हाताने वाकवून पाहिल्या तर दोन-तीन जागी चेन आखडलेली होती. पुढच्या स्प्रॉकेटवरून सुटून खाली येताना बाकीची चेन सरळ व्हायची, तेवढा भाग कोपर वाकवल्यासारखा राहायचा. खालच्या पट्ट्यात मधोमध ढिलाई मोजली तर एका जागी ४० मिलिमीटर, चाक फिरवून दुसऱ्या जागी जेमतेम २०. अशी चेन कितीही ॲडजस्ट केली तरी कुठे ना कुठे चुकीचीच राहते.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक जोडात पिन आणि तिच्यावरची पोकळ नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात, आणि शंभराच्या वर जोडांची ती झीज मिळून चेन लांब होते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं ते याच झिजेवरचा उपाय म्हणून. पातळ पट्टीच्या कडेवर येणारा भार त्यांनी बुशच्या पूर्ण लांबीवर पसरवला. आजही आपल्या गाडीखाली मुळात तीच रचना फिरते, आणि त्या बुशमधलं ग्रीस संपलं की चेनचे दिवस भरतात. ओ-रिंगवाल्या चेनमध्ये ते ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं, म्हणून या वेळी मी तीच घेतली.

आता जड ‘ठक्’. गाडी ढकलताना तो आलाच नाही. जो आवाज भार उलटला तरच येतो, तो कुठेतरी मोकळा खेळ असल्याची खूण असते. चेन ढिली असली तरी असाच झटका बसतो, पण ढिलाई ठीक करूनही ठोका तसाच राहिला. मग मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून, गिअर टाकला आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवलं. सुरुवातीचा थोडा खेळ गिअरबॉक्सचा आणि चेनच्या ढिलाईचा असतो, तो सोडून द्यायचा. चेन ताणली गेल्यावर नजर स्प्रॉकेट आणि हब यांच्या मध्ये ठेवायची. स्प्रॉकेट जागच्या जागी आणि चाक थोडं फिरतंय, असं दिसलं तर तो खेळ कपलिंग रबरांचा. रबर चांगले असतील तर ही हालचाल दाबून, लवचीकपणे होते. माझ्याकडे चाक मोकळं सरकत होतं आणि दोन्ही टोकांना तोच ‘ठक्’ हाताला लागत होता. त्यानंतर स्प्रॉकेट वर-खाली धरून आडवं हलवलं. तेही डुललं. म्हणजे कपलिंगचं बेअरिंगसुद्धा गेलेलं.

या बेअरिंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याची विचारपूस सहसा होत नाही. चाकात दोन बेअरिंग असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ज्या गाड्यांचं कपलिंग हबपासून वेगळं असतं, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत त्याचं स्वतःचं आणखी एक बेअरिंग असतं, आणि चेनची सगळी ओढ त्याच्यावर येते. ते झिजलं की ओढ आली की स्प्रॉकेट किंचित कलतं, चेन एका बाजूला घासत चालते, आणि दात्यांच्या एका अंगाला चकाकी येते. माझ्या जुन्या स्प्रॉकेटला आतल्या बाजूने तशीच चकाकी होती. त्यामुळे चेन अशी वेडीवाकडी झिजायला हे बेअरिंगही कारणीभूत होतं असं मला वाटतं. ‘चेन सेट बदला, सगळं जाईल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. इथे तेवढंच केलं असतं तर हलकी ‘टक्’ गेली असती, जड ‘ठक्’ राहिला असता आणि नवी चेनही तशीच कललेली चालली असती.

चाक काढल्यावर कपलिंग हबमधून बोटांनी अलगद वर आलं. चांगल्या रबरांवर बसलेलं कपलिंग ओढून, हलवून काढावं लागतं. आत रबराचा काळा भुगा होता. चाक पुढे ढकलताना ज्या बाजूवर दाब येतो ती बाजू दबून चपटी झाली होती, कडक झाली होती, चिरा पडल्या होत्या. इंजिन ब्रेकिंगची बाजू त्या मानाने बरी होती. काही जण या पोकळीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबतात. वाटेत अडकलं तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण त्याने दाब सारखा बसत नाही आणि पट्ट्या लवकरच सरकतात. बाजारात फार कडक रबरही मिळतात. हाताला ते घट्ट आणि चांगले वाटतात, पण रबराचं काम झटका गिळण्याचं आहे, आणि कडक रबर तो पुढे चेनला आणि गिअरबॉक्सला पोहोचवतो.

बसवताना बेअरिंगच्या फक्त बाहेरच्या रिंगवर दाब दिला. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. कपलिंग आणि हबमधला स्पेसर आठवणीने परत घातला. तो राहिला तर एक्सल आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ती फार टिकत नाहीत. रबर साबणाच्या पाण्याने बसवले, कारण ऑइल आणि ग्रीस रबराला फुगवू शकतात. क्लिपची जोडलिंक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने फिरते त्या दिशेला हवं. चाकाची सरळ रेषा स्विंगआर्मवरच्या खुणांवर सोडली नाही, दोन्ही बाजूंनी पिव्हटपासून (स्विंगआर्म चेसिसला जिथे जोडलेला असतो तिथून) एक्सलपर्यंतचं अंतर मोजून घेतलं. ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच, आणि तीसुद्धा चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे मोजून. आवाजाच्या भीतीने चेन घट्ट आवळू नका. स्विंगआर्म वर-खाली होताना चेनला तेवढी मोकळीक लागते. ती मिळाली नाही तर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो, आणि त्याचं काम म्हणजे इंजिन उघडणं.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. स्टँडवर इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडका किंवा हात लावू नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये फडका ओढला गेला की बोट सोडवायला वेळ मिळत नाही. साफसफाई, तेल, तपासणी, सगळं इंजिन बंद ठेवून, हाताने चाक फिरवून होतं.

तुमचा आवाज माझ्यासारखा नसेल तर शोध वेगळीकडे न्यावा लागेल. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर क्लच बास्केट किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूकडे बघा, चेनचा तिथे संबंध नाही. गाडी उभी असताना रेझ वाढवली की ठोके वाढतात आणि क्लच दाबूनही तसेच राहतात, तर ते इंजिनचं काम आहे आणि लांबवू नये. दर ६३ सेंटिमीटरसारखा झपझप ठोका असेल तर पुढचं कव्हर उघडून छोट्या स्प्रॉकेटचा नट, लॉक वॉशर आणि शाफ्टवरचे खाचे बघा. मात्र प्लेट आणि दोन बोल्टांवर बसणाऱ्या स्प्रॉकेटला शाफ्टवर आत-बाहेर थोडा खेळ असतोच, तो दोष नाही. खड्ड्यातच ‘ठक्’ येत असेल तर स्विंगआर्मचे बुश, शॉकअपची वरची-खालची बोल्टं आणि इंजिन माउंटिंग.

आता वापराचं. पहिला फरक पहिल्याच वळणावर कळला. थ्रॉटल सोडून पुन्हा देताना गाडी धक्का न देता ओढ घेते. गर्दीत, दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जाताना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि मागे बसणाऱ्यांनीही तो न विचारता सांगितला. गिअर बदलताना खालून येणारा झटका निम्म्याने तरी कमी झाला. सुरुवातीला नवीन रबरांमुळे मागची बाजू जरा ताठ वाटत होती आणि चेनची बारीक गुणगुण येत होती. हळूहळू दोन्ही कमी झालं. चेन सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी ढिली झाली, ती एकदा ॲडजस्ट केली. त्यानंतर ती जागची फारशी हललेली नाही. जुनी साधी चेन सतत मागे लागायची, त्यापुढे हा मोठा दिलासा आहे.

ओ-रिंगच्या चेनची एक अडचण म्हणजे साफसफाईतली काळजी. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या रिंगांचं नुकसान करतात. मी रॉकेल आणि मऊ ब्रश वापरते, पुसून कोरडी करते आणि ९० नंबरचं गिअर ऑइल लावून रात्रभर मुरू देते, म्हणजे उडून टायरवर जात नाही. आत ग्रीस बंद आहे म्हणून बाहेरून तेल लावायचं नाही, असा समज दिसतो. रोलर आणि दाते बाहेरच घासतात, आणि रिंगाही कोरड्या पडून फाटतात. पावसात भिजल्यावर त्याच दिवशी तेल लावणं मी चुकवत नाही.

काय गेलं नाही तेही सांगते. उभ्या गाडीत न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकताना येणारा ‘खट्’ अजून आहे. तो गिअरबॉक्समधल्या डॉगचा, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंट्यांचा आवाज आहे आणि धडधाकट गाडीतही येतो. त्यासाठी खर्च करू नका. वरच्या गिअरमध्ये फार हळू चालवली तर चेन अजूनही हिसके देते. तिथे गिअर उतरवणं हाच उपाय, कारण एवढ्या कमी फेऱ्यांत इंजिनच धक्क्याधक्क्याने ओढत असतं.

आता दर वेळी मागचं चाक कुठल्याही कारणाने निघालं, अगदी पंक्चरसाठीसुद्धा, की मी कपलिंग उचलून रबर पाहते आणि बेअरिंग बोटाने फिरवते. दोन मिनिटांचं काम आहे. चेनची झीज ताणून धरून, २० लिंकांवर, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजते. ४२८ मापाच्या चेनमध्ये एक लिंक १२.७ मिलिमीटर, म्हणजे नवी असताना २० लिंक २५४. दोन टक्के वाढ, म्हणजे २५९ आलं की मी दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदलते, नुसती चेन नाही, कारण झिजलेले दाते नव्या चेनला लवकर खातात. परवा मोजलं तेव्हा काटा २५४ च्या किंचित पुढे होता, आणि चाक पूर्ण फिरवून जिथे जिथे पाहिलं तिथे ढिलाई जवळजवळ सारखीच होती.