‘इवलेसे’ चित्र आणि कायद्याची चाळणी : विकिमीडिया कॉमन्स वापरून पाहताना

नागपूरच्या स्थळांविषयी मराठी विकिपीडियावर लिहायचे ठरवले की दोन गोष्टींशी गाठ पडते. एक म्हणजे लेखात चित्र बसवण्याची सांकेतिक मांडणी आणि दुसरी म्हणजे ते चित्र मुळात वापरता येईल की नाही, हा प्रश्न. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याला आणि इतर सर्व भाषांतील विकिपीडियांना चित्रे पुरवणारे सामाईक कोठार, म्हणजे विकिमीडिया कॉमन्स, ७ सप्टेंबर २००४ पासून चालू आहे. हा अभिप्राय मुख्यत्वे या कोठाराविषयी आहे. सेवा विनामूल्य आहे, पण तिच्या अटी कडक आहेत आणि माझ्या मते त्या तशाच असायला हव्यात. तक्रार आहे ती त्या अटी मराठी माणसाला समजावून सांगण्याच्या पद्धतीबद्दल.

सुरुवातीला मी दोन छायाचित्रे चढवली : झीरो माइलचा दगडी स्तंभ आणि एका उड्डाणपुलाखालचे मोठे भित्तिचित्र. स्तंभ टिकला, भित्तिचित्र मात्र वगळले गेले. दोन्ही रस्त्यावरच, दोन्ही सर्वांच्या डोळ्यांसमोर. मग हा भेद कशासाठी, असे कोणालाही वाटेल. चूक माझीच होती. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे आणि कोणत्याही वास्तूचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मोकळीक देते. भिंतीवर रंगवलेले चित्र त्या सवलतीत बसत नाही. म्हणूनच दीक्षाभूमीच्या स्तूपाचे छायाचित्र निर्धास्तपणे चढवता येते, आणि अलीकडे रंगवलेली एखादी भिंत तशी चढवता येत नाही.

याच कलमातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दाने मला बडग्यांच्या बाबतीतही अडवले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे नको त्या गोष्टींवर टीका करणारे पुतळे, ही कोणाची तरी कलाकृतीच असते आणि मिरवणुकीनंतर ती जाळली जाते. तिला कायमस्वरूपी शिल्प कसे म्हणणार? त्यामुळे बडग्याचे जवळून टिपलेले छायाचित्र मी स्वतःहूनच मागे ठेवले आणि गर्दीचे व ढोलताशांचे चढवले. (‘कॉपीराइटची कटकट घेऊन जा गे मारबत’ अशी, मिरवणुकीतल्या घोषणेच्या चालीवरची आरोळी त्या दिवशी मनातल्या मनात देऊन झाली.)

खरा घोळ व्यक्तींच्या छायाचित्रांत होतो. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका ज्येष्ठ कलावंतांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांनी आपला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राचा आकार घटलेला असतो आणि कॅमेरा, तारीख, वेळ ही फाइलमध्ये दडलेली माहितीही गळून गेलेली असते; असे चित्र ‘माझे स्वतःचे काम’ म्हणून चढवले की तपासणाऱ्याच्या मनात शंका येणारच. त्यातून या फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का होता. कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण स्टुडिओचे मालक ‘फोटो आमचाच’ यावर ठाम राहिले. कॉमन्सवर अशा वेळी हक्कदाराने स्वतःच्या ईमेलवरून, परवान्याचे नाव स्पष्ट लिहून संमती पाठवायची असते आणि स्वयंसेवकांचा गट ती तपासतो. ही पद्धत चोख आहे. मी मात्र शेवटी त्या कलावंतांच्या घरी गेलो आणि अंगणातच फोटो काढला. दहा मिनिटांचे काम होते, ते आधीच करायला हवे होते.

‘वापरायला आमची काही हरकत नाही’ हे वाक्य इथे चालत नाही, हे नवख्यांना सर्वांत जड जाते. चित्र कोणालाही, व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरता आले पाहिजे आणि त्यात बदलही करता आला पाहिजे. ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ अशी अट घातली की ते चित्र कॉमन्सला चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर चित्रपटांची पोस्टरे दिसतात, ती तिथल्या मर्यादित उचित वापराच्या नियमाखाली तिथेच ठेवलेली असतात. त्यांचे नाव मराठी लेखात टाकले तर चित्राऐवजी लाल दुवा उमटतो. पुष्कळ जण याला बिघाड समजतात.

मांडणीच्या बाबतीत मात्र हे साधन बदनाम आहे तेवढे अवघड नाही. दुहेरी चौकोनी कंसांत ‘चित्र’, अपूर्णविराम (:), फाइलचे नाव आणि मग उभ्या रेघांनी वेगळे केलेले ‘इवलेसे’ (म्हणजे चित्र लहान आकारात दाखवा), ‘उजवे’ आणि चित्राखालचा मथळा, इतकेच लिहायचे असते. ‘इवलेसे’ हा शब्द ज्याने कोणी योजला, त्याला दाद द्यावीशी वाटते. माझी पहिली संपूर्ण संध्याकाळ गेली ती फाइलच्या शेपटीमुळे : माझा कॅमेरा ‘जेपीजी’ ही अक्षरे कॅपिटलमध्ये लिहितो, मी ती लहान लिपीत टाकत होतो, आणि विकीच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत. मथळ्यात दुवा दिला की शेवटी चार कंस एकापाठोपाठ येतात आणि त्यांतला एक हमखास गळतो. माहितीचौकटीच्या (लेखाच्या कडेला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीच्या) साच्यात बहुधा नुसते फाइलचे नाव पुरते. तिथे सगळी कंसांची ओळ चिकटवली की चौकट विस्कटते. रुंदीचा आकडा ठोकून देण्याची सवयही सोडावी, कारण संगणकावर शोभणारे चित्र मोबाइलवर मजकुराचा गळा आवळते. चार ओळींच्या परिच्छेदाशेजारी तीन चित्रे रचली तर ती खालच्या विभागात उतरतात. हे सारे आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, करून ‘झलक’ पाहावी. आणि काही बिघडलेच, तर ‘इतिहास’ उघडून मागची आवृत्ती परत आणता येते.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो भाषेसाठी. चित्र वगळण्याची चर्चा बहुतांशी इंग्रजीत चालते. आपण चढवलेल्या चित्रावर सूचना लागते तेव्हा उत्तर देण्यासाठी साधारणपणे सात दिवसच मिळतात, आणि त्यातले निम्मे दिवस नुसती सूचना समजून घेण्यात जातात. चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, विचारले की जाणते सदस्य मदत करतात, पण ती त्यांची भलाई झाली, सेवेची सोय नव्हे.

वगळलेले चित्र कॉमन्सवर कायमचे नष्ट होत नाही, संमती मिळाल्यास ते परत आणता येते. त्या भित्तिचित्राच्या चित्रकाराचा ठावठिकाणा आता लागला आहे. काम कोणी करून घेतले आणि करारात हक्कांचे काय ठरले, हे आधी त्यांना विचारायचे आहे. संमतीचा मजकूर मराठीत लिहून ठेवला आहे.